केसरबाईचा कौल

वच्छलाबाईच्या डाव्या छातीत गाठ होती आणि हे जगात फक्त वच्छलाबाईला ठाऊक होतं. पोळ्याच्या सुमारास अंघोळ करताना ती हाताला लागली. त्या वर्षी पोळा नुसता नावाला झाला. पाऊस ऐन श्रावणात पाठ दाखवून गेला होता आणि गावात बैलांच्या झुलींपेक्षा टँकरची चर्चा जास्त होती. गाठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी, दुखत नव्हती, खुपत नव्हती. मेंढीच्या कासेत अशी गाठ धरते, तिला दगडी म्हणतात. शेक दिला, कास मोकळी केली की बहुतेक वेळा उतरते. वच्छलाबाईचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. तिनं एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधलं, वर हळद लावली आणि कामाला लागली.

दसऱ्यापर्यंत गावात राहण्यासारखं काही उरलं नाही. मेंढरं घेऊन लांब चाऱ्याच्या मुलखात जावं की विकून मोकळं व्हावं, असा पेच पडला तेव्हा ती आणि तिचा नवरा मुंजाबा बिरोबाच्या देवळात गेले आणि त्यांनी देवाला कौल लावला. कौल लावायचा म्हणजे देवाच्या अंगाला उजवी-डावीकडं ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न मनातल्या मनात विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुंजाबानं विचारलं होतं, मेंढरं ठेवू का? डावी पडली. दुसऱ्या दिवशी त्यानं व्यापाऱ्याच्या ट्रकात एकेक मेंढरू आपल्या हातानं चढवलं. पण देवाला त्यानं बोल लावला नाही. या घरात डॉक्टरचं, मास्तरचं, तलाठ्याचं कुणाचंही म्हणणं खोटं ठरू शकायचं. कौल खोटा ठरत नसे.

त्यांची एकुलती लेक ज्ञानेश्वरी संभाजीनगरात नोकरीला होती. मुकुंदवाडीत स्टेशनाच्या मागं तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिथं मायबापांचं बिऱ्हाड आलं. मुंजाबाला देवळाईच्या अंगाला एका टॉवरच्या कामावर रखवालदारी मिळाली. नशिबाची थट्टा अशी की त्याच माळावर त्यानं तरुणपणी मेंढरं बसवली होती. आता तो तिथं सिमेंटची पोती राखत होता. टॉवरच्या भिंतींवर रोज टँकरनं पाणी मारलं जाई आणि मुकुंदवाडीच्या नळाला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी येई, हे बघून तो म्हणायचा, "भिताडं व्हायला पाहिजे व्हतं आपन."

लेक नेमकं काय काम करते हे मुंजाबाला कधी कळलं नाही. वच्छलाबाईला कळलं, कारण तिनं विचारलं. अमेरिकेत माणूस दवाखान्यात जातो, डॉक्टर त्याचं दुखणं आणि केलेला उपचार लिहून ठेवतो, आणि ते लिहिणं ठरलेल्या आकड्यांत बसवल्याशिवाय तिकडची विमा कंपनी दवाखान्याला छदाम देत नाही. ते आकडे बसवायचे, म्हणजे मेडिकल कोडिंग. मुकुंदवाडीतून चिकलठाण्याच्या ऑफिसात जायचं आणि सातासमुद्रापलीकडच्या माणसांच्या दुखण्यांना आकडे द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असणार!

"म्हंजी आपन मेंढराच्या कानाला खूण करतो, कुनाचं कोनतं कळावं म्हनून, तसं," वच्छलाबाई म्हणाली.

"तसंच बघ, माय. फक्त खूण चुकली की कंपनी बोंबलती."

मेंढरं गेली, गाव सुटलं, आणि त्यात दिवाळीच्या तोंडावर ज्ञानेश्वरीच्या ऑफिसनं दुष्काळात तेरावा महिना काढला. साधे साधे कागद आता मशीन आपोआप उरकू लागलं होतं. माणसांकडं यायचे ते फक्त अडलेले, गुंत्याचे. ज्यांनी एखाद्या विषयाची खास परीक्षा पास केली ते राहतील, बाकीच्यांनी उन्हाळ्याच्या आत दुसरीकडं बघावं, असं साहेबानं गोड भाषेत सांगितलं. ज्ञानेश्वरीनं कर्करोगाच्या कोडिंगची परीक्षा धरली. ती अवघड, म्हणून तिला माणसं कमी मिळतात, असा तिचा हिशेब होता. औरंगपुऱ्यात तिनं सुट्टीच्या दिवशीचा क्लास लावला आणि विटांसारखी जाड पुस्तकं घरात आली.

अभ्यास मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. इंग्रजीत वाचलेलं पान उलटेपर्यंत विरून जाई. क्लासच्या सरांनी तोडगा सांगितला: केस आपल्या भाषेत घरात कुणाला तरी सांगून बघा, सांगता आली तर कळली, नाही तर नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी वच्छलाबाई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी थापायला बसली की ज्ञानेश्वरी शेजारी पुस्तक उघडून केस सांगू लागली. वच्छलाबाई हूं म्हणायची. मेंढरांच्या वाड्यावर रात्री गोष्ट चालते तेव्हा कुणीतरी हुंकार द्यावा लागतो, तो थांबला की सांगणारा थांबतो. ही सवय तिच्या हाडात मुरलेली. तिची तक्रार एवढीच होती की या गोष्टींतल्या माणसांना नावं नव्हती.

"बिननावाच्या मानसाची गोष्ट कशी ऐकायची गं?"

"नावं झाकलेली असत्यात, माय. नियम हाय. नुसतं वय लिवलेलं असतं."

"मग आपन ठिवू."

अशी अमेरिकेतल्या बायांची बारशी मुकुंदवाडीत झाली. एक मनकर्णाबाई, तिच्या आतड्यात होतं. एक लक्ष्मीबाई, तिच्या छातीतलं काढलं तरी पुढं पाठीच्या हाडात गेलं. ज्ञानेश्वरी मन लावून सांगायची: आधी कुठं झालं त्याचा आकडा वेगळा, पसरून कुठं गेलं त्याचा वेगळा, सुईतून औषध किती वेळ सोडलं त्याचा वेगळा, आणि कोणता आधी लिहायचा त्याचेही नियम. वच्छलाबाईला आकड्यांशी कर्तव्य नव्हतं. ती भाकरी उलटायची आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एकच विचारायची.

"मग बरी झाली का ती?"

"ते कागदात नाय, माय. कागद तितंच संपतो."

लक्ष्मीबाईची गोष्ट ऐकली त्या दिवशी वच्छलाबाईला कळलं की आपल्याला झाली ती दगडी नव्हे. गाठ एव्हाना सुपारीएवढी झाली होती आणि पानाला, हळदीला दाद देत नव्हती. तिला भीती वाटली. फार वाटली. त्या दिवशी हातातली भाकरी करपली आणि मुंजाबा ती तशीच खाऊन उठला. दुसऱ्या संध्याकाळपासून ती लेकीच्या गोष्टी निराळ्या कानांनी ऐकू लागली. लेकीला वाटे, माय आपल्या अभ्यासाला हातभार लावते. माय त्या परक्या बायांच्या मागं मागं जाऊन बघत होती की ही वाट शेवटी घरी येते का.

एकही बाई घरी येईना. कुणाला काढल्यावर पुन्हा उद्भवलं, कुणाचं औषधानं रक्तच पातळ झालं, कुणी तिसऱ्यांदा भरती झाली. येणार तरी कशी? परीक्षेचं पुस्तक ते. सापडलं, काढलं, बाई बरी होऊन घरी गेली, यात प्रश्न विचारण्यासारखं काय आहे? पुस्तकवाले शोधून शोधून गुंत्याच्याच केसेस घालतात, आणि ऑफिसातल्या सरळ केसेस तर मशीननंच गिळलेल्या. हे ज्ञानेश्वरीला इतकं ठाऊक होतं की सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. वच्छलाबाईनं आपला अडाण्याचा, पण चोख हिशेब मांडला: इतक्या मोठ्या देशात, इतक्या मोठ्या दवाखान्यांत जर एक बाई बरी होत नसेल, तर आपली काय कथा? लेकीची परीक्षा मोडायची, मुंजाबाला कामावरून उठवायचं, केस घालवायचे, आणि शेवटी लक्ष्मीबाईच्याच वाटेनं जायचं असेल तर सांगायचं कशाला? गपगुमान राहावं. पण मन पुरतं मानत नव्हतं. एक तरी बाई बरी व्हावी, मग सांगू, असं ते धरून बसलं होतं.

संक्रांतीच्या आधी केसरबाई आली.

ही केस लांबलचक होती, पाच-सहा कागदांची. ज्ञानेश्वरी ती रोज थोडी थोडी घेणार होती. बाई वच्छलाबाईच्याच वयाची. गाठ छातीत, डावीकडं, आणि अंघोळ करताना हाताला लागलेली. हे ऐकलं आणि वच्छलाबाईची भाकरी अर्धी थापलेली राहिली. तिनं पिठाचे हात परातीत तसेच ठेवले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात कौल लावला. ही केसरबाई बरी झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला सांगायचं. नाही झाली तर हा विषय कायमचा बंद. प्रश्न मोठ्यानं बोलायचा नसतो, तो ती बोलली नाही. देऊळ नव्हतं, कळ्या नव्हत्या, पण कौलाला त्यावाचून अडत नाही, असं तिनं धरलं.

पुढचे काही दिवस ती संध्याकाळची वाट बघायची. केसरबाईची गाठ काढली. हूं. काखेतल्या गाठी तपासल्या, एकीतच निघालं. हूं. औषध सोडलं, केस गेले, उलट्या झाल्या. वच्छलाबाईनं आपल्या अंबाड्याला हात लावून बघितला. मग किरणं दिली. मग केस पुन्हा आले. मग एका कागदात डॉक्टरनं लिहिलं होतं की बाई आता बागेत काम करते, तपासणीत कुठंही काही दिसत नाही, फक्त रोज एक गोळी घ्यायची, पाच वर्षं.

वच्छलाबाईचा हात परातीतच थांबला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मंग बरी झाली म्हन की!"

"आगं, हितंच तर समदे फसत्यात!" ज्ञानेश्वरीनं मांडीवर थाप मारली. आदल्या दिवशी क्लासात याच प्रश्नाला बाकी सगळ्या पोरी चुकल्या होत्या आणि तिचं एकटीचं उत्तर बरोबर आलं होतं. "लोक काय करत्यात, कुटं काय दिसत नाय म्हंजी झाला व्हता, आता नाय, असा कोड देऊन मोकळं व्हत्यात. तसं नाय करायचं. गोळी चालू हाय ना? मग रोग चालूच धरायचा."

"कापून टाकलं तरी?"

"तरी."

"पाच वर्सांनी?"

"गोळी चालू असंल तर पाच वर्सांनी पन. बरी झाली म्हनायचंच नाय तिला. म्हनलं की मार्क गेला."

"म्हंजी ती बरी नाय."

"नाय," ज्ञानेश्वरी पुस्तकात खूण करत खुशीत म्हणाली आणि पान उलटलं.

तव्यावरची भाकरी फुगली होती. वच्छलाबाईनं ती काढली, टोपल्यात ठेवली, पुढची थापायला घेतली. डावी कळी पडली होती. लेक खोटं बोलली असती तर एक वेळ बरं झालं असतं. ती अक्षर न् अक्षर खरं बोलली होती. फक्त ते कागदाचं खरं होतं आणि मायनं ते बाईचं धरलं. आणि कौल पुन्हा लावायचा नसतो, देवाला एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत.

त्यानंतर वच्छलाबाईनं गाठीचा विचार सोडून द्यायचा प्रयत्न केला. गाठीनं तिला सोडलं नाही. ती वरच्या कातड्याला धरली, तिथं कातडं आत ओढलं गेलं. काखेत अवघडल्यासारखं होऊ लागलं. तिनं पोलकं सैल शिवून घेतलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली, घागर उजव्या हातानं उचलायला लागली. बाईमाणसाच्या अंगावर काय चाललंय हे बघायला घरात कुणाला सवड होती? मुंजाबा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. लेक ऑफिस आणि पुस्तकं यांत बुडालेली. वच्छलाबाई रोज हुंकार देत राहिली, पण बरी झाली का, हे विचारायचं तिनं बंद केलं. ज्ञानेश्वरीच्या ते लक्षात आलं नाही. गोष्टी लवकर उरकतात, बरंच झालं, असं तिला वाटलं असावं.

होळीच्या आसपास पाठ धरली. कमरेच्या वर, मणक्यात, आतून ठणका. वच्छलाबाईला लगेच लक्ष्मीबाई आठवली.

"पान्याच्या कळशा उचलून झालं असंल," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि बाम घेऊन मागं बसली. "पोलकं वर कर."

वच्छलाबाई भिंतीकडं तोंड करून बसली. लेकीचा हात ऊबदार होता. लहानपणी या पोरीला पाठीवर बांधून ती मेंढरांमागं हिंडली होती, आणि आज तिच्या पाठीवर पोरीचा हात फिरत होता. तो कुशीकडं थोडा सरकला असता तर सगळं उघडं पडलं असतं. एका क्षणी वच्छलाबाईला वाटलं, सरकू दे. आपण सांगायचं नाही, पण तिला सापडलं तर सापडलं, कौल काही मोडत नाही. तिनं श्वास धरला.

"माय, आज मनकर्णाबाईची उरलेली घ्यायची का?" ज्ञानेश्वरीनं हात पुसत विचारलं. "परीक्षा पंदरा दिसांवर आली."

"घे की," वच्छलाबाई म्हणाली आणि पोलकं खाली ओढलं.

परीक्षा पाडव्यानंतर झाली. परीक्षा अमेरिकेची, पण द्यायची घरी, दार लावून, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, आवाज येता कामा नये, नाही तर परीक्षा रद्द. ज्ञानेश्वरीनं सकाळीच देवाला हात जोडले, मायच्या पाया पडली आणि आतून कडी घातली. वच्छलाबाई बाहेर उंबऱ्याशी राखण बसली. नेमका तेव्हाच गल्लीत टँकर आला. बायकांचा कल्ला उठला, डबे आपटले, आणि ती बसल्या जागेवरून हात जोडून सगळ्यांना गप करू लागली. शेवटी तीच उठली. भरलेले डबे तिनं स्वतः एकेक करून आणले, पाइपाखाली भांडण होऊ दिलं नाही. ड्रम भरेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, पण ती डबे ओतत राहिली. आत पोरगी त्याच रोगाचे आकडे बरोबर लिहीत होती.

आणि ज्ञानेश्वरी पास झाली. निकाल फोनवर आला तेव्हा ती अशी ओरडली की शेजारची मालनबाई पळत आली. मुंजाबानं पेढे आणले, टॉवरवरच्या मिस्त्र्यांनासुद्धा वाटून आला. लेकीची नोकरी टिकली होती, वर बढती होती. संध्याकाळी ज्ञानेश्वरीनं मायच्या तोंडात पेढा कोंबला आणि तिच्या मांडीवर डोकं टाकलं.

"माय, सांगू का, केसरबाईच आली बघ परीक्षेत! हुबेहूब तीच. गोळीवाली. म्या डोळे झाकून लिवलं."

"कवाची मेली असंल बिचारी," वच्छलाबाई म्हणाली.

ज्ञानेश्वरी खो खो हसली. "मेली? कोन म्हनलं? ती तर ठनठनीत हाय! आगं, रोग चालू धरायचा म्हंजी कागदावर. गोळी कशासाठी दिली ते विमा कंपनीला कळाया पाहिजे म्हनून. बाई बरीच असती. आसल्या हजारो असत्यात, माय. येळेवर येत्यात, काढून टाकत्यात, गोळी खात्यात, नातवंडं खेळवत्यात."

"तुझ्या पुस्तकात तर एक बी..."

"पुस्तकात कशाला येतील त्या? सोप्या केसला मार्क कोन देतंय?"

वच्छलाबाईच्या तोंडात पेढा तसाच राहिला. गिळताही येईना आणि थुंकताही येईना. केसरबाई बरी होती. संक्रांतीलाच बरी होती. कौल उजवा पडला होता आणि तो आपल्याला वाचता आला नव्हता. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, पण मांडीवर लेकीचं डोकं होतं आणि लेक हसत होती. त्या क्षणी गाठीचं बोललं असतं तर हुशार पोरीनं दोन्हीचा मेळ घातला असता. बरी झाली का, बरी झाली का, हे माय रोज का विचारत होती आणि विचारायचं कधी थांबली, हे तिला बसल्या जागी उमगलं असतं. वच्छलाबाईनं लेकीच्या केसांतून हात फिरवला आणि ती संध्याकाळ जाऊ दिली. मग आणखी दोन दिवस जाऊ दिले. इतक्या उशिरात तेवढ्यानं काय बिघडणार होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं लेकीला आत बोलावलं आणि पदर बाजूला केला.

ज्ञानेश्वरीनं एकदाच बघितलं. ओढलेलं कातडं, काखेतली सूज. ती खाली बसली. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. सहा महिने तिनं दुसरं काही वाचलंच नव्हतं. "कधीपासून?" एवढं तिनं विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच ती रडू लागली.

कॅन्सरच्या दवाखान्यात रांग मोठी होती. जालना, बीड, परभणी, कुठून कुठून माणसं आलेली, उन्हानं रापलेली, गठुडी उशाला घेऊन व्हरांड्यात पडलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी तपासलं आणि हात धुता धुता विचारलं, "मावशी, कधी लागली ही हाताला?"

"पोळ्याच्या टायमाला."

"आणि आता वैशाख लागला. इतके महिने अंगावर काढलंत? का आला नाहीत?"

ज्ञानेश्वरी मायच्या तोंडाकडं बघत होती. हाच प्रश्न तिनं घरी दहा वेळा विचारला होता आणि वच्छलाबाईनं दहा वेळा उडवून लावला होता. आता उत्तर देणं भाग होतं, आणि वच्छलाबाईनं ते वाटेत रिक्षात बसल्या बसल्या तयार करून ठेवलं होतं.

"पोरीची परीक्षा व्हती," ती म्हणाली. "मधीच सांगितलं असतं तर तिचं वर्स गेलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "सगळ्या आया हेच करतात," त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

साफ खोटं होतं ते. परीक्षेपायी जीव द्यायला वच्छलाबाई काही खुळी नव्हती. केसरबाई बरी झाली असं त्या संध्याकाळी कळलं असतं तर परीक्षा गेली चुलीत, ती दुसऱ्या दिवशी या बाकावर येऊन बसली असती. तिला जगायचं होतं. पण परीक्षेचं ओझं पोर कसंबसं पेलेल, चार लोक म्हणतील, आईनं लेकीसाठी केलं, आणि तेवढ्यावर ती तगेल. लेकीच्या तोंडून आपण मरणाचा कौल घेतला, हे मात्र तिला कळता कामा नये. ज्ञानेश्वरी तिच्या खांद्यावर डोकं घासत हुंदके देत होती, "आग लागली असती त्या परीक्षेला, माय, म्या पुढल्या साली दिली असती," आणि वच्छलाबाई तिची पाठ थोपटत होती. आपलं खोटं पोरीला पटलं, याचं तिला समाधान वाटत होतं.

मग तपासण्या झाल्या. सुई घालून तुकडा काढला, मशीनमध्ये निजवून सगळ्या अंगाचे फोटो काढले. ते कागद मिळायच्या दिवशी दोघीच गेल्या. मुंजाबाला खाडा करता आला नाही. डॉक्टरीणबाईंना यायला वेळ होता. खिडकीतून लिफाफा मिळाला तसा ज्ञानेश्वरीनं तिथंच बाकावर बसून फोडला. पुढ्यात उन्हात लिंबाखाली माणसं भाकरी सोडून बसली होती. एक म्हातारा घोटभर पाण्यासाठी बाटली घेऊन नळ शोधत फिरत होता.

ज्ञानेश्वरी वाचत होती. वच्छलाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. हे तोंड तिनं सहा महिने रोज बघितलं होतं. केस सोपी निघाली की ते कसं दिसतं आणि अवघड निघाली की कसं, हे तिला पाठ होतं. पाठीतला ठणका बसल्या जागी मारत होता.

"माय, काय लिवलंय ते सांगू का?" ज्ञानेश्वरीनं शेवटी विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

"समदं नगं," वच्छलाबाई म्हणाली. "बरी व्हनार का, तेवढंच सांग."

ज्ञानेश्वरीनं कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.